खेळातल्या देवाला गाऱ्हाणं

आमच्या खेळात देव मी असतो. हौस म्हणून नाही. फाशांचा आणि कल्पनेचा हा खेळ ज्याच्याकडे नियमांचं पुस्तक असतं त्याला चालवावा लागतो, आणि पुस्तक माझं होतं. बाकीचे तिघे पात्रं घेतात. मेडिकलवाला योद्धा होता, बँकेतला चोर होता आणि माझा बालमित्र, वडिलांबरोबर होडीवर जाणारा, पुजारी होता. मासेमारी बंद असली की मित्राच्या घरच्या जाळ्यांच्या खोलीत आमची बैठक बसायची. खोलीला वास यायचा, पण भाडं नव्हतं.

पुस्तकाप्रमाणे पुजाऱ्याने मंत्र म्हणायचा, फासा टाकायचा, की जखमीची जखम भरते. मित्राला हे पटेना. गाऱ्हाणं घातल्याशिवाय देव काम कसं करील? तो उभा राहायचा, हात जोडायचा आणि देवळातल्यासारखं मोठ्याने मागणं मांडायचा; प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी होकार द्यायचा.

"बा देवा महाराजा, ह्या लेकराच्या आंगार जो घाव पडलो हा, तो भरून काढ रे महाराजा."

"व्हय महाराजा," बाकीचे दोघे. त्यातला एक जखमी स्वतःच.

मग पाठची चूकमाक पोटात घाल, मग गावावरची नजर काढ, मग पुन्हा घाव. चहा निवायचा. तोवर योद्धा रक्त सांडत बसायचा आणि त्याची काही तक्रार नसायची.

एकदा मी खपून एक स्वर्ग तयार केला. तरंगती बेटं, चांदीचं दार, दारात पेटती तलवार घेतलेला रक्षक. मोठी लढाई होणार होती. हे लोक आले आणि मित्राने विचारलं, "हयचो राखणदार ह्योच मां? मगे तेका आधी मान देवक व्हयो." त्यांनी त्याला, गावच्या राखणदाराला दाखवतात तसा, कोंबडी-वड्यांचा नैवेद्य दाखवला. पुस्तकात अशा वेळी काय करावं याचा नियम नाही. रक्षक जेवला आणि बाजूला झाला. माझी लढाई फुकट गेली.

त्याच सुमारास मित्राला मालवाहू जहाजावर नोकरी आली. वडील म्हणाले, देवाक इचार. देवळात गुरवाने कौल लावला, म्हणजे देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एकही पडेना. गुरवाची जेवणाची वेळ झाली. "देव इचारात आसा," तो म्हणाला आणि गेला. जहाजवाल्यांना मात्र दुसऱ्या दिवशी उत्तर हवं होतं.

संध्याकाळी खेळात मित्राने आपला सगळ्यात मोठा मंत्र काढला: देवाला एकच प्रश्न, उत्तर होय की नाही. तो उभा राहिला.

"बा देवा महाराजा, ह्या तुझ्या लेकरान जहाजार जावचा काय? होय तर उजवो कौल दी रे महाराजा."

पुस्तकाप्रमाणे याला फासा लागत नाही. खेळ चालवणाऱ्याने सांगायचं. 'देव गप्प राहिला' हेही उत्तर चालतं. मी पान उघडलं, तिथे वाचण्यासारखं काही नसताना. मला तो जायला नको होता. शाळेतले बाकी सगळे मुंबईला गेलेले, गावात माझं म्हणावं असं माणूस तोच उरला होता. आणि होडीवर त्याचं भागत नव्हतं, हेही मला माहीत होतं.

"उजवो," मी म्हटलं.

"व्हय महाराजा," दोघे म्हणाले. मी म्हटलं नाही. देवाने म्हणायचं नसतं.

तो जहाजावर गेल्यापासून आम्ही पुस्तकाप्रमाणे खेळतो. पुजाऱ्याचा फासा मीच टाकतो, जखम भरते, चहा गरम राहतो. परवा खेळात असतानाच त्याचा फोन आला, कुठल्याशा बंदरातून.

"गाऱ्हाणा कोण घालता रे आता?"

"कोणच नाय."

"फोन मधी ठेव."

मी ठेवला. त्याने सुरुवात केली, "बा देवा महाराजा, आज ह्या तुझा लेकरू लांब दर्यार..." आणि आवाज तुटायला लागला. पुढे तो काय मागत होता ते आम्हाला ऐकूच आलं नाही. नुसती खरखर. मध्येच ती थांबली, म्हणजे आमची पाळी आली असणार.

"व्हय महाराजा," आम्ही म्हटलं. तिघांनीही.