डोकं नसलेला विद्यार्थी

दादा गेल्याचं भाच्याने फोनवर सांगितलं, तेव्हा मी पालघरच्या घरी वाल सोलत बसले होते. हात तसाच थांबला... आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी डोळ्यांपुढे उभा राहिला तो चिंचणीच्या शाळेतला दसरा. साठ-सत्तरच्या मधली गोष्ट. दादा तिथे विज्ञान शिकवायचा आणि मी त्याचं घर सांभाळायचे.

तारापूरला तेव्हा अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. तिथल्या एका इंजिनियरकडून दादाने इंग्रजी मासिक आणलं आणि दोन दिवस त्याचं जेवणात लक्ष नाही. माणसाचा मेंदू चुकत चुकत शिकतो, मग यंत्र का नाही शिकणार, हेच त्याच्या डोक्यात. पण चिंचणीत यंत्र कुठून आणणार! पठ्ठ्याने अकरा काड्यापेट्या जमवल्या आणि त्यांवर एक ते अकरा आकडे घातले, आणि प्रत्येकीत एक चिंचोका, एक गुंज टाकली. खेळ अगदी साधा. टेबलावर अकरा शिंपल्या मांडायच्या, आपल्या पाळीला एक नाहीतर दोन उचलायच्या, शेवटची उचलेल तो जिंकला. पहिली पाळी नेहमी यंत्राची. यंत्राची पाळी आली की जितक्या शिंपल्या उरल्या त्या आकड्याची पेटी उघडून न बघता एक बी काढायची. चिंचोका आला तर एक शिंपली, गुंज आली तर दोन; एकच उरली असेल तर तीच. यंत्र हरलं की त्याची शेवटची बी जप्त, बाकीच्या परत आपापल्या पेटीत. पेटी रिकामी निघाली तर यंत्राने हार मानायची आणि त्याआधीची बी जप्त. एवढंच! पंधरा दिवस आम्ही दोघं खेळत होतो, आणि शेवटी त्या मेल्या पेट्या मला हरवायला लागल्या.

हेडमास्तरांना हा सगळा पोरखेळ वाटायचा. दसऱ्याला गावासमोर दाखवा, जमलं नाही तर तुमचा विज्ञानाचा जादा तास बंद, असं त्यांनी सांगून टाकलं. त्या तासावर दादाचा जीव होता.

दसऱ्याच्या सकाळी पाटीपूजनात मी हौसेने पेट्याही मांडल्या. उघडून बघते तर तीन, सहा, नऊ रिकाम्या! पूजेत रिकामं काही ठेवायचं नाही, ही आमच्या आईची शिस्त. मी सगळ्या पेट्या दोन्ही बियांनी छान भरल्या आणि वर हळदकुंकू वाहिलं. दादा आंघोळ करून आला, पेट्या उघडल्या आणि मटकन खाली बसला. समोर एवढ्या शिंपल्या उरल्या की हरलोच, हे यंत्राला कळलं होतं म्हणून त्या पेट्या रिकाम्या होत्या. त्याचं सगळं शिक्षण मी पुसून टाकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग दादा एकदम उठून उभाच राहिला.

"शालू, शिकलेला कुणीही दाखवेल गं. आज लोकांना शिकताना दाखवू!"

शाळेत हेडमास्तर स्वतः खेळायला बसले. पहिले काही डाव यंत्र सडकून हरलं. लोक खिदळत होते, मी कोपऱ्यात देवाचा धावा करत होते, आणि दादा मात्र प्रत्येक हारीला बी काढून खुशीत खिशात टाकत होता. दुपार होत आली तशा हारी कमी झाल्या, मग तुरळक झाल्या, आणि मग हेडमास्तर लागोपाठ हरायला लागले! पोरं बाकांवर चढली. शाळेच्या कमिटीतला एक म्हातारा तांडेल, जन्मभर होडी चालवलेला, वाकून पेट्या न्याहाळत होता. "मास्तर, याला डोकं नाय," तो म्हणाला, "मंग शिकला कोन?"

दादाचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! तेच तर माहीत नाही, तो म्हणाला, आपल्या डोक्यात तरी नेमकं कोण शिकतं, कुणाला ठाऊक आहे? हेडमास्तरांनी टोपी काढून घाम पुसला आणि जादा तास चालू राहील असं सगळ्यांदेखत सांगितलं.

पेट्या पुन्हा भरून यंत्र मुद्दाम कोरं केलं होतं, असंच दादाने त्या दिवशी गावाला सांगितलं आणि पुढे जन्मभर तेच सांगत राहिला. माझं नाव कधी ओठावर आणलं नाही. परवाच्या शोकसभेत त्याचे पिकल्या केसांचे विद्यार्थी एकामागून एक उठून तेच सांगत होते, सरांची काय ती हुशारी... मला राहवेना. मी उभी राहिले आणि म्हणाले, "त्या पेट्या मी भरल्या होत्या. पूजेला रिकाम्या बऱ्या दिसत नव्हत्या म्हणून."

सभा एवढी हसली, एवढी हसली, की माझे डोळे भरून आले ते कुणाला दिसलंच नाही.