नथूचे फुलीवाले शब्द

नथू इंदूरच्या एका कापडगिरणीत मागावर होता. त्याचे वडील महूच्या छावणीत शिपाई. गोरे अधिकारी मायदेशी निघाले, तेव्हा त्यांतल्या एकाने आपली जाडजूड डिक्शनरी त्यांना देऊन टाकली, आणि ती पुढे नथूकडे आली. नववीपर्यंत शिकलेला नथू पाळी संपली की ती मांडीवर घेऊन बसे. काही शब्दांपुढे बारीक फुली होती. फुलीचा अर्थ सुरुवातीच्या पानावर छापला होता: हा शब्द आता कुणी वापरत नाही.

नथूचा जीव नेमका त्याच शब्दांवर. 'ओव्हरमॉरो' म्हणजे येणारा परवाचा दिवस. 'ॲप्रिसिटी' म्हणजे थंडीतल्या उन्हाची ऊब. 'वेब्स्टर' म्हणजे विणकर.

"मी वेब्स्टर आहे," तो बायकोला सांगे.

"बरं, मग भाजी निवडा," मंजुळा म्हणे.

मागाच्या खडखडाटात, हवेत तरंगणाऱ्या कापसाच्या तुसातून तिरकं ऊन खाली येई, आणि नथूला कुठल्याशा थंड गावातली एक म्हातारी दिसे. भिंतीला टेकून ऊन खात ती 'ॲप्रिसिटी' म्हणते, आणि तिच्यानंतर तो शब्द म्हणणारं कुणीच उरत नाही. मग नथू तो ओठांतल्या ओठांत म्हणे.

लेक यशोधरा लहानपणापासून त्याच्याशेजारी बसून शब्द शिकली. फुलीचं मात्र त्याने तिला कधी सांगितलं नाही. ते सांगणं म्हणजे कुणी गेल्याची बातमी लेकराला देणं, असं त्याला वाटायचं.

ब्याण्णव साली गिरणीला टाळं लागलं. नथू मल्हारगंजात एका गोदामावर चौकीदार झाला. यशोधरा बीकॉम झाली आणि एका नव्या कुरिअर कंपनीत मुलाखतीला गेली. परतली ती चपला न काढताच दारात उभी राहिली.

"बाबा, साहेबांनी विचारलं, कधीपासून जॉइन करणार? मी म्हटलं, ओव्हरमॉरो. पूरा ऑफिस हसलं. असा शब्दच नाही म्हणाले."

"आहे," नथू म्हणाला. "होता."

"होता म्हणजे?"

त्याने डिक्शनरी उघडून फुली दाखवली. यशोधराने पानं उलटली. लहानपणीचे कितीतरी शब्द फुलीखाली निघाले.

"तुम्हाला मालूम होतं? आणि मला तेच शिकवलं?"

"मला ते जिवंत वाटायचे, बेटा."

चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. नथू रोज वाचनालयात जाऊन इंग्रजी पेपर वाचू लागला. पेपरात जो शब्द सापडेल, तोच वहीत लिहायचा, असं त्याने ठरवलं. पण पेपरात त्याला भलतेच शब्द भेटले. सॉफ्टवेअर. फॅक्स. डिक्शनरीत त्यांचा पत्ताच नव्हता. पाचव्या दिवशी वही घेऊन तो लेकीसमोर बसला.

"हे जिवंत आहेत ना? मला सांगशील?"

यशोधराने वही आपल्याकडे ओढली. मग पेन्सिल घेऊन एकेक अर्थ मराठीत लिहून दिला. कुरिअरवाल्यांनी तिला बोलावलंच नाही; दोन महिन्यांनी तिला एका ट्रॅव्हल ऑफिसात नोकरी लागली. संध्याकाळी ती रोज एखादा नवा शब्द आणी, आणि नथू तो पाठ करी.

काही वर्षांनी गिरणीतले माग भंगारात निघाले. त्या दिवशी यशोधराही त्याच्याबरोबर फाटकाशी गेली. थंडीची सकाळ होती. हमाल ट्रकमध्ये लोखंड चढवत होते. नथू एकेका तुकड्याकडे बोट दाखवून बोलू लागला, "हा धोटा, आडवा धागा नेणारा. ही फणी. तो बीम, त्यावर ताण्याचे उभे धागे गुंडाळलेले असायचे."

"सावकाश, बाबा," यशोधरा म्हणाली. तिने पर्समधून पेन काढलं, बसच्या तिकिटाची पाठ उलटी केली आणि लिहू लागली. "फणी म्हणजे नेमकं काय करते?"

नथूने हवेत दोन्ही हात वर करून बोटं ताठ पसरली आणि तिला दाखवू लागला, सूत त्यातून कसं जातं ते.