सायकल-स्टँडजवळची उपासना

आमचे हे हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध पडून होते, त्या दिवसांत माझी प्रार्थना बंद पडली. मुद्दाम बंद केली नव्हती. डोळे मिटले की शब्दच येईनात. नगरच्या ख्रिस्ती घरात जन्म, वडील चर्चचे पाळक, आणि मी लहानपणापासून सगळ्यांत लांब प्रार्थना करणारी. आमचे हे चिडवायचे, "अगं, त्यालाही मधूनमधून बोलू दे." माझी प्रार्थना म्हणजे देवाच्या हाती दिलेली कामांची यादी असे, आणि कोणतं काम आधी करायचं याच्या सूचनाही सोबत. आता यादीत एकच ओळ उरली होती, हे शुद्धीवर येऊ देत. नेमकी तीच तोंडातून निघत नव्हती.

इथं जपानात, हिगाशी-कसाईत, आम्ही चार मराठी ख्रिस्ती कुटुंबं पूर्वी आमच्याच घरी उपासनेला जमायचो. भूकंपानंतर बाकीची तिन्ही कुटुंबं भारतात परतली. हे म्हणाले, आपण राहू. मग काही वर्षं रविवारी आम्ही दोघंच समोरासमोर बसून गायचो. हे बेसूर, मी मोठ्यानं. पुढे आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर नियांग राहायला आली. ब्रह्मदेशातल्या डोंगरातून पळालेली, काही वर्षं मलेशियात लपून काढलेली, आणि मग जपान सरकारनं निर्वासित म्हणून इथं आणलेली. चुकीच्या दिवशी चुकीचा कचरा बाहेर ठेवल्याबद्दल तिला कोणी बोलत होतं, तेव्हा हे मध्ये पडले. तिच्या गळ्यातला क्रूस यांना दिसला आणि आमचा रविवार परत भरला. तिच्यासारखी सहा कुटुंबं होती, पण जमायला जागा नव्हती. घरात गायलं की शेजारी तक्रार करत.

जागेचं काम मी अंगावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं, पण मंडळीला सेक्रेटरी लागतेच असा माझा समज. वॉर्डाच्या हॉलसाठी दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चिठ्ठ्या निघत. ज्याचा नंबर आधी, तो पुढच्या महिन्याच्या वेळा आधी निवडणार. फॉर्म जपानीत, म्हणून मी जायची. डब्यात हात घालताना देवाला बजावून सांगायची, रविवार, सकाळचे दहा, वरची मोठी खोली. बहुतेक वेळा मिळायचीही. मला वाटायचं, ओळख उपयोगी पडते.

अशाच एका महिनाअखेरच्या गुरुवारी ऑफिसात यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. शनिवारची चिठ्ठी मला आठवलीच नाही. आठवली तेव्हा महिनाभराचे सगळे रविवार दुसऱ्यांनी घेतले होते. नियांगचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. बोलणी खायची ताकद नव्हती, आणि सांगणार तरी काय? देशातून हुसकावलेल्या माणसांना मी हॉलमधूनही घालवलं होतं.

दुसऱ्या रविवारी दुपारी सेंदाईहून आलेली माझी मुलगी यांच्या खोलीच्या खिडकीशी उभी होती. डॉक्टर जे सांगत ते तिला कळायचं आणि मला सांगताना ती निम्मं गाळायची, हे मला कळायचं. ती म्हणाली, "आई, खाली बघ. आपली माणसं आहेत."

सायकल-स्टँडजवळ सहाही कुटुंबं ओळीत उभी होती, बाया एकीकडे, पुरुष एकीकडे, हॉलमध्ये बसत तशीच. तोंडं हलत होती, आवाज नव्हता. मला वाटलं, काच जाड आहे. खाली गेले, तरी आवाज नाही. अगदी जवळ गेल्यावर ऐकू आलं, ती कुजबुजत गात होती. शब्द त्यांचे, पण चाल लहानपणापासून माझ्या ओळखीची, हे जिथं हमखास बेसूर व्हायचे तीच. मध्येच एक म्हातारी सायकल काढायला आली. दोन्ही ओळी सरकल्या, तिला वाट दिली, पुन्हा जुळल्या. गाणं थांबलं नाही.

"हॉल गेला. माझ्यामुळे," मी म्हणाले.

"हो, गेला," नियांग म्हणाली. ती मला 'ओनेसान', म्हणजे ताई म्हणते, पण समजूत घालत नाही. "ओनेसान, तुम्ही फोन का नाही घेतला? खिडकी कुठल्या बाजूला, एवढंच विचारायचं होतं."

"मग?"

"सकाळी मागच्या बाजूला गायलो. आता या बाजूला."

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "इतकं हळू कसं जमतं?"

"जंगलात शिकलो. मोठ्यानं गायलं की शिपाई यायचे. इथं शेजारी येतात," ती म्हणाली आणि जराशी हसली.

"यांच्यासाठी देवाकडे काय मागताय?"

"मागितलं नाही काही. आम्ही इथं उभे आहोत, एवढं सांगितलं."

मी वर गेले. यांच्या कानाशी वाकून तीच चाल कुजबुजले. पापणी हलली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. नाही हलली. पण मी तिथं उभी होते, आणि तेवढंच देवाला सांगितलं. कितीतरी दिवसांनी तोंडातून निघालेली ती प्रार्थना, आयुष्यातली सगळ्यांत छोटी. गुरुवारी हे गेले.

महिनाअखेरच्या शनिवारी मी पुन्हा चिठ्ठीला गेले. डब्यात हात घातला, देवाला काय सांगायचं ते सुचेना, हाताला लागली ती चिठ्ठी उचलली. नंबर शेवटून दुसरा. उरली होती ती तळघरातली खोली, रविवारी संध्याकाळी, शेजारी ढोल शिकवण्याचा वर्ग. पडेल चेहऱ्यानं नियांगला सांगितलं.

रविवारी भिंतीपलीकडे ढोल सुरू झाले. खोली हादरत होती. नियांग म्हणाली, "ओनेसान, इथं आपला आवाज कोणाला ऐकू जाणार?"

मग ती सगळी मोठ्यानं गायला उभी राहिली आणि आवाज फुटेना. सवयच नव्हती. एकमेकांकडे बघत राहिली. माझ्याकडे देवानं दिलेला मोठा आवाज तेवढा होता. मी मराठीत सुरुवात केली, रडत, आणि हे जिथं बेसूर व्हायचे तिथं येऊन मीही बेसूर झाले. मागून एकेक आवाज मोठा होत गेला.

हे परत आले नाहीत. रविवारी सकाळी अजूनही दोन कप चहा टाकला जातो. यांना का नेलं, हे मी देवाला विचारलं आहे आणि उत्तर मिळालेलं नाही. पण त्या खोलीबद्दल मी त्याचे आभार मानते. ती मी मागितलेली नव्हती. शनिवारी मी अजूनही डब्यात हात घालते. यादी घरी ठेवून जाते.