तळ्याच्या तळाशी ओव्हरसियर

कुठलाही कागद सहीसाठी समोर आला की ते आधी चष्मा काढायचे. बुशशर्टाच्या टोकाने दोन्ही काचा पुसायचे, चष्मा पुन्हा नाकावर चढवायचे आणि कागदाकडे न बघता कागद आणणाऱ्याकडे बघत विचारायचे, "बघितलं कोणी?"

तुमच्या कचेरीतही असा एखादा माणूस असेलच. त्याच्या टेबलावर कागद अडतो आणि दुपारच्या चहाला सगळे त्याच्या नावाने बोटं मोडतात. आमचे ओव्हरसियर साहेब त्याच जातीचे. फरक इतकाच, की ते कागद अडवून बसत नसत. उठून बघायला जात.

मध्य प्रदेशाचं नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या कचेऱ्या टेबलं-खुर्च्यांसकट इकडे हलल्या. त्या लोंढ्यात ते आले, मीही आलो. ते पन्नाशी उलटलेले, पाणीपुरवठ्याच्या कामावरचे. मी बाविशीचा, नकाशे ट्रेस करणारा. तात्या टोपे नगरात क्वार्टर्स नुकत्याच उभ्या राहत होत्या. भिंतींना ओल, दारांना रंगाचा वास आणि रस्ते अजून नकाशातच. मला त्यांच्या शेजारची खोली मिळाली. मी एकटा, म्हणून रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच होऊ लागलं.

एकदा एका फायलीत लिहून आलं, की नव्या नळाच्या वाटेत कडुलिंबाची सात झाडं येतात. साहेब टांगा करून गेले आणि दोन तासांनी परत आले.

"सहा कडुलिंब आहेत," ते म्हणाले. "सातवा बकाणा. दिसतो कडुलिंबासारखा, एवढंच."

"काय फरक पडतो, साहेब? तोडायचीच आहेत ना?" मी म्हणालो.

"तोडायच्या आधी नाव तरी नीट लिहावं माणसानं."

घरीही तेच. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, की दूध उतू जातंय. हे उठून आत जायचे, आधी बघायचे आणि मग पातेलं उतरवायचे. तोवर अर्धं दूध चुलीत गेलेलं असे. "एकतीस वर्षं झाली लग्नाला," काकू मला वाढता वाढता म्हणाल्या, "पण माझं एकही म्हणणं यांनी न बघता मानलेलं नाही." साहेब पानावरून मान वर न करता म्हणाले, "एक मानलं होतं. स्थळ आलं तेव्हा तुझ्या वडिलांनी सांगितलं, मुलगी शांत आहे." काकूंनी त्यांच्या पानात मुद्दाम एक पोळी जास्त टाकली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

भोपाळच्या मोठ्या तळ्यात काठापासून थोडी आत एक विहिरीसारखी बांधलेली टाकी होती. तळ्याचं पाणी तिच्यातून पंपाकडे जाई. पाणी आत शिरायचं त्या तोंडाशी, वीस-बावीस फूट खोल, एक लोखंडी जाळी होती. ती गंजून फाटली, शेवाळ आणि मासे पंपापर्यंत पोचू लागले. नवी जाळी बसवायला मुंबईहून पाणबुड्यांची एक टोळी आली. टोळीचा म्होरक्या रत्नागिरीकडचा, पन्नाशीला आलेला, काळा तुकतुकीत माणूस. रबरी अंगरखा, शिशाचे बूट आणि डोक्यावर काच लावलेला तांब्याचा मोठा टोप घालून तो पाण्यात उतरे. नावेवर दोन माणसं हवेच्या पंपाचा दांडा खालीवर करत आणि त्या पंपातून एका लांब नळीने टोपात हवा जाई.

आठवड्याभरात काम झालं. म्होरक्या कचेरीत आला. "जाळी बसली, साहेब. लिहा आता."

साहेबांनी चष्मा पुसला. "बघितलं कोणी?"

"मी."

"तुम्ही बसवली. बघायला दुसरा पाहिजे."

म्होरक्या माझ्याकडे बघू लागला. मी छताकडे.

प्रकरण इंजिनियर साहेबांकडे गेलं. ते वयाने लहान, स्वभावाने हसरे. म्हणाले, "अहो, पाण्याखालचं काम कोण बघणार? सगळीकडे पाणबुड्याच्या शब्दावरच लिहितात."

"मी बघतो," ओव्हरसियर म्हणाले.

"पोहता येतं तुम्हाला?"

"नाही."

इंजिनियर साहेबांचं हसू मावळलं. ते बराच वेळ पेन्सिलीशी खेळत राहिले. मग म्हणाले, "मी परवानगी देणार नाही. पण रविवारी सुट्टी असते. सुट्टीत कोण कुठे जातं हे मी विचारत नाही. टोळी मंगळवारी जाणार आहे."

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं तळ्यावर फिरायला गेलो. समोरच्या टेकडीमागे सूर्य गेला होता. ते कठड्यावर बसले आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "मला भीती वाटते रे."

"मग कशाला जाता? लिहून टाका. सगळेच लिहितात."

मग त्यांनी सांगितलं. वऱ्हाडात नव्याने नोकरीला लागले तेव्हा एका रस्त्यावर मोरी बांधली होती. त्या दिवशी त्यांना ताप होता. मुकादम म्हणाला, पाया पक्का झालाय, आणि यांनी अंथरुणात पडल्या पडल्या वहीत लिहिलं. दोन महिन्यांनी सरकीच्या पोत्यांची बैलगाडी त्या मोरीवरून जाताना मोरी खचली. गाडीवानाचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

"मी त्याला दवाखान्यात भेटायला गेलो," ते म्हणाले. "मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. गाडीखाली सापडलेल्या बैलाचं कसं झालं, एवढंच तो विचारत होता. मी सांगितलं, बैल बरा आहे. तेही न बघताच सांगितलं."

यानंतर मी त्यांना 'जाऊ नका' म्हणालो नाही.

रविवारी सकाळी नावेवर त्यांना पोशाख चढवायला पाऊण तास लागला. रबरी अंगरखा दोन माणसांनी ओढून ओढून बसवला. शिशाचे बूट घातल्यावर त्यांना पाय उचलवेना. म्होरक्या इशारे शिकवत होता. त्यांच्या कमरेला एक दोरी बांधलेली. वरून एकदा ओढली की खालून एकदा ओढायची, म्हणजे ठीक आहे. तीनदा ओढली, की वर काढा.

तेवढ्यात काठाशी टांगा थांबला आणि काकू उतरल्या. साहेबांनी घरी सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं होतं, आणि आता मी नावेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो.

काकू छोट्या होडीतून आमच्या नावेपर्यंत आल्या. नऊवारीचा काचा घट्ट खोचलेला. नवऱ्याकडे त्यांनी पायापासून गळ्यापर्यंत एकदा बघितलं. आता ओरडतील असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

"चष्मा खाली पडेल," त्या म्हणाल्या. "आत हात जाणार नाही तुमचा."

हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. काकूंनी पिशवीची नाडी उपसली, चष्म्याच्या दोन्ही दांड्यांना बांधली आणि त्यांच्या डोक्यामागे घट्ट गाठ मारली.

"येतो," ते म्हणाले.

"या."

म्होरक्याने टोप चढवून फिरवला. काचेआड साहेबांचा चेहरा बरणीतल्या लोणच्याच्या फोडीसारखा दिसू लागला. मग ते शिडीवरून एकेक पायरी उतरत पाण्यात गेले आणि दिसेनासे झाले.

पंपावर भोपाळचेच दोन मजूर होते. काकू त्यांच्या समोर फळीवर बसल्या आणि आपल्या नागपुरी हिंदीत म्हणाल्या, "हाथ मत रोकना."

"नहीं रोकेंगे, माईजी."

"बातें भी मत करना."

पहिली दहा मिनिटं झकास गेली. म्होरक्या दोरी ओढी, खालून उत्तर येई. मग त्याने एकदा ओढली आणि उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा ओढली. काही नाही.

"वर घ्या," काकू म्हणाल्या.

"बुडबुडे येतायत, बाई. श्वास चालू आहे. घाईने ओढलं तर इजा होईल."

काकू पाण्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या हातात पदराचं टोक होतं, ते त्या पिळत होत्या. पंपाच्या दांड्याची करकर तेवढी ऐकू येत होती. माझ्या मनात आलं, आपण हे काकूंना सांगायला नको होतं. मग वाटलं, शनिवारीच साहेबांना अडवायला हवं होतं. म्होरक्या दुसरा पोशाख जवळ ओढून घेऊ लागला. तेवढ्यात दोरी हलली. एकदाच. ठीक आहे.

वीस मिनिटांनी ते वर आले. टोप काढला. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले, चष्मा जागच्या जागी. ते नावेच्या काठावर बसून राहिले. कोणाकडे बघत नव्हते.

"दोरी का नाही ओढली?" काकूंनी विचारलं.

"लक्षात नाही राहिलं."

"आणि जाळी? जाळी कशी आहे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतका गोंधळलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

"जाळी बघायची राहिली," ते म्हणाले.

आम्ही हसलोच. पंपावरचे मजूर, ज्यांना मराठी कळत नव्हतं, तेही आमचं बघून हसू लागले. म्होरक्या तर पोट धरून हसला. साहेब हसले नाहीत. ते काकूंना सांगत होते, "हिरवं होतं सगळं. वरून उजेड येत होता. एक मोठा मासा आला आणि काचेशी थांबला. इतका जवळ. मी त्याला बघत होतो आणि तो मला. मग वाटलं, हलू नये."

"भीती नाही वाटली?"

त्यांनी थोडा विचार केला. "तीही वाटायची राहिलीच."

काकूंनी पिशवीतून डबा काढला. त्या दिवशी सगळ्या टोळीने तिथेच नावेवर काकूंच्या हातचे वडे खाल्ले.

सोमवारी साहेबांनी किरकोळ रजा टाकली आणि सकाळीच पुन्हा उतरले. या खेपेला हातात फूटपट्टी होती. वर आल्या आल्या म्हणाले, "डावीकडचे खालचे दोन बोल्ट ढिले आहेत. हाताने फिरतात."

म्होरक्याचं हसू गेलं. तो पोशाख चढवून खाली गेला आणि अर्ध्या तासाने वर आला. "आवळले, साहेब."

बोलता बोलता त्याच्याच लक्षात आलं. त्याने सुस्कारा सोडला आणि आपला अंगरखा उतरवून साहेबांपुढे धरला. "मी आवळले. बघायला दुसरा पाहिजे. चला."

तिसऱ्यांदा वर आल्यावर साहेबांनी हात पुसले आणि नावेतच मोजमापाची वही उघडून लिहिलं. मंगळवारी टोळी गेली. जाताना म्होरक्या कचेरीत आला आणि त्यांना म्हणाला, "मी तीस वर्षं पाण्यात आहे. मागून बघायला कोणी आलं नव्हतं. या एकदा मुंबईला. समुद्र दाखवतो, खालून."

"समुद्र मी वरूनही नाही बघितला," साहेब म्हणाले.

पुढे कचेरीत पुष्कळांनी विचारलं, खाली काय बघितलंत. "हिरवं होतं," यापलीकडे ते जात नसत. काकूंनी मात्र मला सांगितलं, की अंगणात खाटा टाकून बसले की ते त्या माशाबद्दल बोलतात. दर वेळी त्याची लांबी तीच सांगतात, जराही वाढवत नाहीत.

त्यानंतर याद्या आल्या. कोण मध्य प्रदेशात राहणार आणि कोण मुंबई राज्यात जाणार. त्यांचं नाव अमरावतीला निघालं, माझं इथेच राहिलं. स्टेशनवर काकूंनी मला लोणच्याची बरणी दिली. साहेब डब्याच्या खिडकीतून म्हणाले, "लग्न कर. मुलगी बघून कर." गाडी हलली तेव्हा काकू हसत होत्या.

पोस्टकार्डं यायची. पेन्शनीत गेले, गावाबाहेर दोन खोल्या बांधल्या, प्रत्येक वीट स्वतः बघितली. मुंबईला जायचं मात्र राहून जात होतं. मग एका चैत्रात काकूंच्या ठळक अक्षरातलं पत्र आलं. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: "मी जवळच होते."

त्याच वर्षी जाळी तपासायला पाणबुड्यांची टोळी पुन्हा आली. म्होरक्या तोच, केस आता पांढरे. नावेवर पाऊल ठेवताच त्याने विचारलं, "ते साहेब कुठायत?"

मी सांगितलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि फळीवर बसला. मग उठला, खाली गेला, काम केलं. वर आल्यावर म्हणाला, "एक बोल्ट बदललाय. लिहा."

आता मी ओव्हरसियर होतो, वही माझ्याकडे होती. मी ती उघडली, पेनचं टोपण काढलं आणि थांबलो. म्होरक्याने अंगावरचा अंगरखा उतरवला. ओला अंगरखा हातात घेऊन तो नुसता उभा होता.

मी वही मिटली आणि बूट काढले. मलाही पोहता येत नव्हतं. अंगरखा चढवून घेतला, दोरी बांधून घेतली. टोप चढायच्या आधी पंपावरच्या दोघांना मीच म्हणालो, "हाथ मत रोकना." तेवढं सांगायला त्या दिवशी दुसरं कोणी आलेलं नव्हतं.