बोटांच्या फटीतून

भुताच्या सिनेमाला शेजारी बसलेल्या बाईंनी डोळ्यांवर हात धरला, पण दोन बोटांत फट ठेवली. इतकं जीव मुठीत धरून पाहणं आमच्या फिल्म सोसायटीत दिसत नाही. तिथे लोक डुलक्या काढतात आणि नंतर चर्चा करतात. मला संथ कलात्मक सिनेमा आवडतो, गाण्या-मारामारीचाही आवडतो. पण कंटाळा आला की सिनेमा थोर आणि घाबरलो की हलका, हे मला मान्य नाही. मी सोसायटीला तोच भुताचा सिनेमा सुचवला.

"चेष्टा करताय का?" सचिव म्हणाले. "सभासद उठून जातील. आणि प्रास्ताविक तुम्हालाच करावं लागेल."

"करतो की," मी म्हटलं. "जाणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवा."