पेंढ्याच्या पाण्यातले रोमक

मला लोक गर्विष्ठ म्हणतात. असेन. उरणजवळच्या आमच्या मिठागरांच्या गावात एकोणीसशे साठच्या सुमारास शाळेत सूक्ष्मदर्शक आला, तो मी भांडून आणला होता. गावातली विज्ञान शिकलेली पहिली मुलगी मीच आणि शाळेतली विज्ञानाची बाईही मीच. पण तो कायमचा मिळाला नव्हता. तपासणीला साहेब येणार होते. मुलांना काही कळत नाही असं दिसलं, तर तो मोठ्या गावच्या इंग्रजी शाळेला जाणार होता. मराठीतून विज्ञान म्हणजे नुसती घोकंपट्टी, हे साहेबांचं मत सगळ्यांना ठाऊक होतं.

धडा एकपेशीय जिवांचा होता, अंगावर केसांसारखे तंतू हलवत पोहणाऱ्यांचा. नव्या पुस्तकात त्यांना 'पक्ष्माभिकी' म्हटलं होतं, जुन्यात 'रोमक', इंग्रजी शिकलेले 'सिलिएट' म्हणत. मुलांनी आपलं 'लववाले' ठरवून टाकलं. मी सगळी नावं फळ्यावर लिहिली. जीव दाखवायला भाताचा पेंढा पाण्यात कुजत घातला आणि शाळेत बकऱ्या शिरत म्हणून बरणी घरी ठेवली.

तपासणीच्या सकाळी पाहते तर बरणी पालथी, घासून लख्ख!

"शिलं पानी घरान ठेवायचं न्हाय," आई म्हणाली. "माडाच्या आल्यात वतलं."

शिळं पाणी रोज सकाळी झाडाच्या आळ्यात ओतायचं, आमच्याकडची ती रीतच. पण त्या वेळी मी अशी काही ओरडले, की शेजारीण धावत आली. "गेला माझा सूक्ष्मदर्शक!"

आई माडाखाली गेली. चिखलातला ओला पेंढा उचलून तिनं वाटीत पिळला. "घे. सगलंच कुठं जातंय?"

ती वाटी पदराखाली धरून मी शाळा गाठली.

साहेब नळीला डोळा लावून बराच वेळ वाकले होते. "अहो, पळतायत की!" मग फळ्याकडे वळले. "पण एका जिवाला इतकी नावं? मुलं गोंधळतील."

कोळीवाड्यातली एक मुलगी उभी राहिली. "न्हाय साहेब. कोळंबी सोलून सुकवली की आमी सोडे म्हनतो. म्हनून काय ती कोळंबी न्हाय?"

साहेब खळखळून हसले. "राहू द्या तो इथेच," ते हेडमास्तरांना म्हणाले. त्या मुलीकडे पाहताना माझा ऊर भरून आला. आजही येतो.

संध्याकाळी आईला शाळेत नेलं. एक डोळा तळहातानं झाकून ती वाकली. "अगो, लव हाय त्यांना! हलते बग कशी!" आणि तिथून उठायलाच तयार होईना.

पुढं जन्मभर, रोज सकाळी शिळं पाणी ओतण्याआधी हंडा कमरेवर घेऊन ती मला हाक मारायची, "बाय, यात तुजं कोन न्हाय ना गो?"