एकच बट

पार्लरमध्ये आलेल्या बायकांना आरशात स्वतःचं डोकं बघायचं सोडून दुसऱ्याच्या पोरीचं डोकं बघायची भारी हौस. "अगंबाई, केस कापणारीची पोर ना ही? आणि डोकं असं उंदरांनी कुरतडल्यासारखं?" हे मी इतक्या तोंडून ऐकलंय की म्हणणारीच्या टाळूवर गरम पाणी सोडावंसं वाटतं. डोकी धुणं हेच माझं काम, नळही माझ्याच हातात असतो, पण पोटापुढे काय करता?

आमची कात्री मात्र ऐकून घेणारी नाही. कात्री म्हणजे तीच ती केस कापणारी. राहते माझ्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर, आणि या कामाला तिला मीच लावली. हातातल्या कात्रीवरून नाव पडलं असं ती सांगते, जिभेवरून पडलं असं आम्ही सांगतो. "ताई, तुमचे केस मी अगदी एकसारखे कापलेत. ते तुम्हाला शोभत नाहीत, त्याला मी काय करू?" असं एकीला तोंडावर म्हणाली होती. मालकीणबाईंनी आत बोलावून चांगली झापली. बाहेर आली आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढच्या बाईच्या गळ्याला कापड बांधायला लागली.

ठकी ही तिची मुलगी, नऊ वर्षांची. डॉक्टरांनी ऑटिझम आहे म्हणून सांगितलं ते अगदी लहान असताना. म्हणजे पोर आपल्याच जगात असते आणि आपल्या जगातलं बरंचसं तिला टोचतं. अक्षरशः टोचतं. फ्रॉकच्या गळ्यामागचं लेबल टोचतं, म्हणून प्रत्येक कपड्याचं लेबल उसवायचं, तेही एक टाका मागे न ठेवता. जेवण पांढऱ्याच वाटीत. वाटी घासायला पडलेली असली की उपास. मिक्सर लावायचा तर आधी सांगायचं, नाहीतर भिंतीवर डोकं आपटते. बोलते ती जाहिरातींतली वाक्यं. तहान लागली की पंख्याची जाहिरात म्हणते, आणि ते फक्त तिच्या आईलाच कळतं. जिन्यातल्या बाया सांगतात, "दोन ठेवून द्या, सुतासारखी सरळ होईल." ज्यांची स्वतःची पोरं दोन-दोन ठेवूनही वाकडी राहिली, नेमक्या त्याच सांगतात.

या पोरीला घेऊन दिवस कसा काढायचा ते कात्रीने तिचं तिनेच शोधून काढलं. "एकच" म्हणायचं आणि खरोखर एकच करायचं. "एकच दात, मग झालं." की एक दात घासायचा आणि ब्रश धुऊन ठेवून द्यायचा. बाकीचे दात पारोसे राहिले तर राहू देत. नवरा हसायचा, "या हिशोबाने हिची बत्तिशी घासून होईपर्यंत कवळी लागेल." हसू दे. काही महिन्यांनी ठकी स्वतःहून दुसऱ्या दातासाठी तोंड उघडायला लागली. एकच घास, एकच मोजा, एकच पायरी, असं करत करत ती पोर शाळेच्या व्हॅनपर्यंत पोचली. एक म्हणून दोन कधी केलं नाही कात्रीने. एकदाही नाही. मी खालीच राहते, मला दिसतं.

केसांचंही तेच. कुणाच्या हातात कात्री दिसली की ठकी किंचाळायची, आणि आई दिवसभर कात्रीच चालवणारी. म्हणून सोमवारी पार्लर बंद असलं की आम्ही तिघी शटर अर्धं ओढून आत बसायचो. पिवळ्या मुठीची छोटी कात्री. आधी माझी एक बट कापायची, ठकीने बघायचं. मग, "एकच बट, मग घरी." ठकी आपली आपण खुर्चीवर चढायची, डोळे गच्च मिटायची. कच्. उतरायचं, घरी. पुढची बट पुढच्या सोमवारी. डाव्या कानापासून कापत कापत उजव्याला पोचेपर्यंत डावीकडचे परत वाढलेले. म्हणून ते उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसायचं. पण ती खुर्चीवर स्वतः चढायची हो! माझ्या आयुष्यात मी हजार डोकी धुतली असतील, पण त्या चढण्याचं जेवढं कौतुक वाटलं तेवढं कशाचं नाही.

मग कात्रीच्या नणंदेचं लग्न निघालं, आणि तिच्या मोठ्या जावेला फोटोंची चिंता लागली. "फोटो जन्मभर राहतात गं. अशी उभी करणार का तिला सगळ्यांसमोर?" कात्री म्हणाली, "फोटो खुपत असेल तर कापून टाका मला नि तिला. कडेलाच उभ्या राहू आम्ही." जाऊ तेव्हा गप्प बसली. गप्प बसणारी माणसं फार वाईट, हे मला माहीत होतं, पण जिभेवर आलेलं मी कधी नव्हे ते गिळलं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात नणंद पार्लरमध्ये आली. लग्नाच्या दिवशीची केशरचना आधी एकदा बांधून बघायची होती. मी डोकं धुऊन दिलं, कात्रीने भांग पाडला आणि पिना लावायला घेतल्या. निम्मं डोकं झालं असेल नसेल, तोच दार उघडलं. मोठी जाऊ, तिच्या मागे कात्रीचा नवरा, आणि मधे ठकी.

डोकं एकसारखं. कानाच्या वर, मशीन फिरवून, अगदी व्यवस्थित. दोन्ही हात स्वतःच्याच डोक्यावर दाबून धरलेले आणि तोंडातून चकार शब्द नाही. जाहिरातसुद्धा नाही.

"बघ," जाऊ म्हणाली, "समोरच्या सलूनमध्ये पाच मिनिटांत काम. तू उगाच वर्षानुवर्षं दळण दळत बसलीस."

कात्रीने तोंडातली पीन काढली. "खुर्चीवर बसली कशी?"

जावेला वाटलं, कौतुकच चाललंय. "अगं, तुझी ती छोटी कात्री नेली होती ना घरून. दाखवली, आणि म्हटलं, एकच बट, मग घरी. आई म्हणते तस्संच. अशी टुणकन चढून बसली! पहिली बट कापल्यावर उतरायला लागली, मग भावजींनी हात धरले, मी डोकं धरलं. थोडी ओरडली. पण झालं की नाही?"

नवरा जमिनीकडे बघत होता. वायरिंगची कामं करतो, उघड्या तारेला हात लावायचा नसतो एवढं त्याला दुसऱ्यांच्या घरात बरं कळतं.

मला वाटलं, आता ही जावेच्या झिंज्या धरते. मनातून मी तयारही होते, मागून दोन मारायला. कात्रीने तसलं काही केलं नाही. नणंदेच्या गळ्याचं कापड सोडलं आणि म्हणाली, "ऊठ."

"वहिनी, अजून निम्मं—"

"निम्मं मोठ्या वहिनीकडून करून घे. तिला सगळं पाच मिनिटांत जमतं."

नणंद रडायला लागली. तिचा बिचारीचा काही दोष नव्हता, पण मला तिची दया आली असं काही मी म्हणणार नाही. अर्ध्या डोक्यावर पिना आणि अर्ध्यावर ओले केस, अशी ती रस्त्याने गेली.

कात्री लग्नाला गेली नाही. सासूचा फोन आला तो इतक्या मोठ्या आवाजात, की माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आला. "केसच कापले ना? गळा तर नाही कापला!" कात्रीने फोन ठेवून दिला. मी असते तर सुनावलं असतं, म्हातारे, केसाने गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पण मला कोण फोन करतंय!

केस आले हो. महिनाभरात बोटात धरता येतील एवढे आले. बाकीचं आलं नाही. कात्री ब्रश घेऊन "एकच दात" म्हणाली की ठकी डोकं धरून पलंगाखाली. "एकच घास" म्हटलं की वाटी भिंतीवर. एकदा आईच्या मनगटाला असा चावा घेतला की कात्री पट्टी बांधून कामावर आली. मालकीणबाई म्हणाल्या, "गिऱ्हाइकांना दिसतं ते, बाही खाली कर." कात्रीने पिवळ्या मुठीची कात्री कचऱ्यात टाकली, कामाचे कपडे पार्लरमध्येच बदलायला लागली, हाताला येणारा पार्लरचा वास जावा म्हणून साबण बदलला. दुसरे शब्द लावून पाहिले. नाही. शाळेची व्हॅन खाली भोंगा वाजवायची आणि रिकामी निघून जायची. शाळेने निरोप धाडला की असंच चालणार असेल तर जागा दुसऱ्या मुलाला देऊ. कात्रीला सगळ्यात जास्त धास्ती त्याची होती. त्या शाळेनंतर दुसरी शाळा नव्हती.

त्या दिवशी नवऱ्याने ठरवलं, आज मी पोचवतो. माझ्या दारासमोरच्या पायरीपर्यंत ठकी आली आणि आडवी झाली, दोन्ही हात डोक्यावर. मी दार उघडून उभी.

"एकच पायरी, ठके. एकच. बाबाचं ऐक ना." ती आणखी आकसली. खाली भोंगा वाजला. त्याने वर तोंड करून हाक मारली, "अगं, ये ना जरा! तू म्हण. तुझं ऐकेल ती."

कात्री पिशवी खांद्याला लावूनच उतरली. "नाही ऐकणार."

"एकदा म्हणून तर बघ. जागा जाईल तिची!"

कात्री तिच्यापासून जरा लांब, वरच्या पायरीवर बसली. नेहमीच्या आवाजात, हळू, म्हणाली, "एकच पायरी, ठके."

ठकीने आईकडे बघितलं. मग फ्रॉक गुडघ्यापासून वर ओढला आणि डोक्यावरून घेतला, हातांवरून, सगळ्यावरून.

खाली व्हॅन निघून गेली.

"चुकलं माझं," नवरा म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या.

"मला कशाला सांगतोस?" कात्री म्हणाली. "कामावर फोन कर, येत नाही म्हण. बस इथेच. ती उठेल तेव्हा उठेल. तोवर हात लावायचा नाही, ओढायचं नाही, आणि काही म्हणायचं तर मुळीच नाही."

तो पायरीवर बसला. आम्ही दोघी खाली उतरलो. गेटपाशी आल्यावर तिने माझा दंड धरला. इतका घट्ट, की मला दुखलं.

"त्याला बघून झाकलं असतं तर एक वेळ ठीक होतं," ती म्हणाली. "मावशी, माझा आवाज ऐकून झाकलं गं तिने डोकं."